दोरीचं घर

जमीन त्यांनी मे महिन्यात दाखवली.
अर्थातच मे महिन्यात.
डोंगरभर पिवळी फुलं, ओढ्यात बोटभर पाणी,
दलालाचे बूटसुद्धा कोरडे.
झुल्मिरोनं वीस वर्षं लक्झेंबर्गमध्ये
लोकांच्या भिंतींना गिलावा केला होता.
गुडघाभर गवतात उभा राहून म्हणाला,
इथं स्वयंपाकघर.
मी काही बोलले नाही.
विसाराची पिशवी उगाच
या हातातून त्या हातात घेत राहिले.

शेजारच्या दगडी बांधावर देओलिंदा
मांडीवर घेवडा घेऊन शेंगा सोलत होती.
जानेवारीत पाहिलीत? तिनं विचारलं.
दलाल हसला. त्याच्यासोबत आम्हीही हसलो,
हसतात तसं.
पाहा की, म्हणाली. बघायला काही पडत नाही.

जानेवारीत पाहिली.
दुपारी पावणेतीनला समोरच्या डोंगरानं
ऊन काढून नेलं,
दांडीवरची गोधडी काढून न्यावी तसं.
आणि स्वयंपाकघरातून ओढा चालला होता.
घाई नाही, संकोच नाही,
आपल्याच घरातून चालावं तसा.

मग पाहुण्यासारखं जाणं सोडलं.
रात्री व्हॅनमध्ये झोपलो, तेव्हा कळलं,
दरीपलीकडं खडी फोडायची यंत्रं
पहाटे चारला सुरू होतात.
झुल्मिरोनं कमरेइतका खड्डा खणला,
बादली ओतली, घड्याळ काढून दगडावर ठेवलं.
पाणी जिरेपर्यंत
माझा एक अख्खा मोजा विणून झाला.
चिकणमाती, तो म्हणाला. संडासाचं पाणी जाणार कुठं?
इतक्या गंभीरपणे तो माझ्याशी
दुसऱ्या कशाबद्दल बोलल्याचं आठवत नाही.

विहीर होती. विहिरीला पाणी होतं.
फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी
फेलिसबेर्तोच्या मक्याची पाळी,
त्याच्या आजोबांपासून, तोंडी.
वाट होती. ती एका विधवेच्या
कोंबड्यांमधून जायची,
आणि वहिवाटीचा कागद म्हणे
तिच्या सासऱ्याच्या कोटात होता,
ज्या कोटात त्याला पुरलं.
पश्चिमेला निलगिरीची झाडं, दाट, आमची नव्हेत.
एका बुंध्याला हात टेकला
तर काळं तळव्याला आलं.
आग कुठल्या साली आली यावर
गावात दोन तट.
वारा कुठून येतो विचारलं
तेव्हा सगळ्यांचे हात एकाच दिशेला.

वारस सात.
सहांच्या सह्या झाल्या. सातवा मनाउसला,
पत्राला उत्तर देत नाही.

आणि घर, ते आपलं सरकत होतं.
गुडघाभर खुंट्या, पांढरी दोरी,
दोन खोल्या, एक पडवी.
ओढ्याला भिऊन तीस पावलं वर आलं,
निलगिरीला भिऊन पन्नास पावलं पूर्वेला,
मग सावलीतून निसटायला आणखी थोडं.
दर वेळी झुल्मिरो शिव्या घालत खुंट्या उपटायचा,
आणि दर वेळी पडवी
एका हातानं लहान व्हायची.
शेवटी जिथं थांबलं तो नुसता खडक,
कुणी कांदासुद्धा लावला नसता.
तिथं लेंड्याच लेंड्या.
थंडीत माझ्या शेळ्या इथंच बसतात,
देओलिंदा म्हणाली.
आधी विचारलं असतं
तर सांगितलं असतं.

त्या दिवशी आम्ही दोरीच्या आत बसून
पाव आणि चीज खाल्लं.
झुल्मिरो पाणी आणायला गेला, परत आला
तो दोरी ओलांडून नाही,
दाराची जागा सोडली होती तिथून,
बूट झटकून.

विसार अजून पिशवीत आहे.
मनाउसहून काही नाही.
परवा गेलो तर उत्तरेच्या भिंतीवर
देओलिंदाची फडकी वाळत होती,
एक निळं, दोन चौकड्यांची.
ती उठली नाही, ओशाळली नाही.
वारा बरा आहे तुमच्या घरात,
एवढंच म्हणाली.